दार लोटून दोघंच बसलात, असं शेवटचं कधी झालं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही चौतीस वर्षांचे, नोकरी पुण्यात. शाळेपासूनचा मित्र साताऱ्याजवळच्या गावात. तीन वर्षांपूर्वी त्याची मोटरसायकल घसरली, मानेतला मणका मोडला, सी-६, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली. आता चाकाची खुर्ची, लघवीची पिशवी आणि दिवसरात्र उशाशी आई. आधी तुम्ही दर आठवड्याला जायचात, मग महिन्याला, आता दोन-तीन महिन्यांनी. गेलात की तासभर बसता, क्रिकेटवर बोलता, चहा येतो, निघता. काकू दारापर्यंत येऊन म्हणतात, 'तूच आता त्याचा भाऊ.' परतताना खंबाटकीचा बोगदा पार होईपर्यंत घशात आवंढा असतो. आणि तुम्ही विचारलंय की काय बोलावं तेच सुचत नाही, मग हे आयुष्यभर कसं निभवायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, पण ते ऐकून लोक मुलाला नोकरी लावायला येतात, म्हणून मी तो शब्द फारसा वापरत नाही. सांगली-मिरज भागात सत्तावीस वर्षं झाली, बहुतेक काम मणक्याच्या इजेच्या पेशंटचं. शिवाय मला स्वतःला असा एक दोस्त आहे, पाचवीपासूनचा. १९९३ च्या मे महिन्यात त्यानं विहिरीत सूर मारला. त्या वर्षी पाणी खाली गेलं होतं. डोकं खडकावर आपटलं आणि मान मोडली. त्याचीही पातळी सी-६, तुमच्या मित्राचीच. लोकांना वाटतं मी त्याच्यासाठी या क्षेत्रात आलो. छे, बारावीला एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत म्हणून आलो. तो पडला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो, आणि त्याच्या खाटेजवळ उभं राहून काय करायचं हे मलाही तुमच्याइतकंच कळत नव्हतं.

आता मुद्द्याचं. 'काय बोलावं' हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. या तीन वर्षांत तुम्ही दोघंच, दार लोटून, असे किती वेळ बसलात? तुमच्या पत्रात दर भेटीत काकू आहेत. त्या खोलीत असतात, कारण लघवीची नळी मुडपली तर, तो खुर्चीत एका बाजूला कलला तर, पायाला झटका आला तर काय करायचं ते तुम्हाला येत नाही. येत नाही म्हणून तुम्ही त्यांना 'तुम्ही जरा पडा, मी आहे' असं म्हणू शकत नाही. आणि आईसमोर चौतीस वर्षांचा कुठला पुरुष मनातलं बोलतो? बोलतो क्रिकेटवर. अपघात झालाच नसता आणि तरीही प्रत्येक भेटीला त्याची आई शेजारी बसली असती, तर तुमची दोस्ती अशीच सुकली असती.

म्हणून माझं उत्तर शब्दांपासून नाही, नळीपासून सुरू होतं. चार गोष्टी हातानं शिकून घ्या. सेवा करण्यासाठी म्हणून नको, सेवेला माणसं असतात, नसतील तर ती शोधायची असतात. शिकायचं ते एवढ्यासाठी की काकूंना घरी ठेवून तुम्ही दोघं तीन तास बाहेर जाऊ शकाल.

हे करण्याआधी काही गोष्टी तुम्हालाच बघून ठरवाव्या लागतील. सी-६ लिहिलं म्हणजे सगळ्यांची अवस्था एक नसते. इजा पूर्ण की अपूर्ण, लघवीसाठी कायमची नळी आहे की दर चार-सहा तासांनी नळी घालून काढतात, बसल्यावर चक्कर येते का, अंगावर जखम आहे का, या सगळ्यावर बाहेर जाणं अवलंबून आहे. बैठकीवर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत खुर्चीतली भटकंती बंद, तिथं तडजोड नाही. तुमची स्वतःची कंबर कशी आहे तेही बघा. आणि सगळ्यात आधी त्याला विचारा. त्याला तुमच्याकडून पिशवी रिकामी करून घ्यायची नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. माझ्या दोस्तानं पहिली दोन वर्षं मला हात लावू दिला नाही. चुलतभावाकडून सगळं करून घ्यायचा, माझ्याकडून नाही. 'तू बघितलंस की मग तू माझ्याशी पत्ते नीट खेळणार नाहीस,' म्हणायचा.

आता शिकायचं काय. एकदा तुमच्या मित्राच्या थेरपिस्टकडे जाऊन तासभर हे प्रत्यक्ष करून घ्या. मी लिहितोय ते का करायचं हे कळावं म्हणून.

पहिली गोष्ट बोटांची, कारण ती मित्रच बिघडवतात. सी-६ वाल्याला बोटं हलवता येत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट वर उचललं की बोटांच्या तळव्याकडच्या दोऱ्या आपोआप ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. मनगट सैल सोडलं की बोटं उघडतात. चहाचा ग्लास, चमचा, मोबाइल, तो हे सगळं याच युक्तीवर धरतो. ही पकड टिकायला बोटांच्या दोऱ्या थोड्या आखूडच राहाव्या लागतात. आणि येणारा प्रत्येक पाहुणा काय करतो, तर जवळ बसून मायेनं त्याची वळलेली बोटं सरळ करतो, तेल लावून, मागे ताणून. मनगट वर असताना बोटं अशी सरळ ताणत राहिलं की पकड हळूहळू जाते. एका पेशंटची मावशी रोज संध्याकाळी हे करायची. सहा महिन्यांनी त्याच्या हातून ग्लास सुटायला लागला. तेव्हा त्याची बोटं वळलेली दिसली तरी तशीच राहू द्या.

दुसरी, कातडीची. त्याला बुडाखाली काही टोचलेलं कळत नाही, जास्त वेळ बसलो म्हणून आपण चुळबुळ करतो तशी तो करत नाही. खुर्चीत असताना वीस-तीस मिनिटांनी त्याला पुढे किंवा एका बाजूला झुकवून दीड-दोन मिनिटं धरायचं, म्हणजे दाबलेल्या जागी रक्त परत येतं. पॅन्टच्या मागच्या खिशात पाकीट नको, किल्ली नको. गाडीच्या सीटवर बसवताना खुर्चीतली गादी काढून त्याच्याखाली घालायची, आणि त्याला ओढत सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं. ओढण्यानं कातडी आतून फाटते आणि वरून चार दिवस काही दिसत नाही. गरम चहाचा ग्लास मांडीवर ठेवायचा नाही. हे तुम्हाला अति वाटेल, पण मांडी भाजलेले किमान डझनभर पेशंट मी पाहिलेत. त्यातल्या कुणालाही भाजताना कळलं नव्हतं.

तिसरी, पिशवी. ती नेहमी पोटाच्या पातळीखाली राहिली पाहिजे, गाडीत बसवताना घाईत कुणीतरी ती मांडीवर ठेवतं आणि लघवी उलटी आत जाते. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. हात धुवायचे, खालची तोटी उघडायची, बाटलीत घ्यायची, तोटी बंद करायची, पुन्हा हात धुवायचे. एवढंच. पहिल्या वेळेला तुम्हाला अवघडेल, त्याला तुमच्यापेक्षा जास्त. विनोद करावासा वाटला तर करा, पण आधी त्याला करू द्या.

चौथी गोष्ट मात्र अशी आहे की ती येत नसेल तर एकट्यानं त्याला घेऊन जाऊच नका. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर इजा असलेल्या माणसाचं बीपी अचानक भडकू शकतं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. इजेखालच्या भागात काहीतरी टोचतंय, बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलंय, पण मेंदूपर्यंत निरोप नीट जात नाही आणि शरीर आंधळेपणानं रक्तवाहिन्या आवळतं. खूण अशी की डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, मानेला-कपाळाला घाम सुटतो. आपल्याकडे असं काही झालं की लोक काय करतात? आडवा करतात, पांघरूण घालतात. इथं तेच घातक. त्याला सरळ बसतं ठेवायचं, पट्टा-बटणं सैल करायची, नळी कुठं मुडपली, दबली आहे का ते बघायचं. दहापैकी सात-आठ वेळा नळी मोकळी करताच उतार पडतो, हा माझा अनुभव. नाही पडला तर तडक दवाखाना. तिथल्या डॉक्टरला आधी हे सांगा की याचं रोजचं वरचं बीपी शंभरच्या आसपास असतं. नाहीतर ते १४० बघून म्हणतील, थोडंसंच वाढलंय. तुमच्यामाझ्यासाठी थोडंसं, त्याच्यासाठी ते धोक्याचं आहे.

याच्या अगदी उलट गोष्टही होते, विशेषतः झोपेतून उठवून एकदम बसवल्यावर. डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा पांढरा, बोलणं पुटपुटतं. तेव्हा बीपी खाली गेलेलं असतं. मग ब्रेक लावून खुर्ची मागे कलती करायची, पाय वर घ्यायचे. लाल चेहरा आणि डोकेदुखी असेल तर बसता ठेवायचा, पांढरा चेहरा आणि अंधारी असेल तर मागे कलता करायचा. हे एका कागदावर लिहून गाडीत ठेवा, पण पाठही करा.

आणखी एक बारकावा. पाय उडाला, थरथरला की जमलेले सगळे म्हणतात, 'बघा, हालचाल यायला लागली.' ती सुधारणा नसते, स्नायूंचा आपोआप येणारा झटका असतो. नसांची जी काही सुधारणा व्हायची ती बहुतांशी पहिल्या सहा-बारा महिन्यांत होते, पुढे थोडीफार. तिसरं वर्ष म्हणूनच फार वाईट असतं. आशा संपलेली असते आणि नेमकी त्याच वेळी माणसंही यायची थांबतात. तुमचं जाणं तिसऱ्या वर्षी कमी झालं यात तुम्ही काही वेगळं पाप केलेलं नाही. मी हे शेकड्यानं पाहिलंय. पण त्याच्या बाजूनं बघा, दोन्ही एकदमच गेलं.

आता मोबाइलवर येणाऱ्या बरे होण्याच्या व्हिडिओंबद्दल बोलतो, कारण ते पाठवणारे मित्रच असतात. स्टेम सेल (मूळपेशी) टोचणं ही मज्जारज्जूच्या इजेवर मान्यताप्राप्त उपचारपद्धती नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती फक्त मंजूर चाचणीतच देता येते, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर तिथंच कळायला हवं. एका घरानं यापायी दीड एकर बागायत विकलेली मी पाहिली आहे. तुम्ही तो व्हिडिओ पुढे ढकलणारे होऊ नका. मित्र तुमच्याकडे असं काही घेऊन आला तर हसूही नका, त्याच्याबरोबर बसून कागद वाचा.

माझ्याकडून काय चुकलं तेही सांगतो, त्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही. १९९८ ते २००० मी मुंबईत होतो. दोन वर्षं मी त्याच्याकडे गेलो नाही. काम होतं हे खरं, पण रविवारही होते. आणि तेव्हा मी दिवसभर त्याच्यासारख्याच पेशंटबरोबर असायचो, म्हणजे भीती अंगाची नव्हती. भीती ही होती की तो विचारेल, 'काय रे, कसं चाललंय?' आणि माझं छान चाललं होतं. ते त्याच्या तोंडावर सांगायचं कसं? दोन वर्षांनी दिवाळीत गेलो. सगळी वाक्यं एसटीत बसून तयार केली होती. तो अंगणात होता. माझ्याकडे बघून म्हणाला, 'डाव्या चाकात हवा नाही. आधी पंक्चर काढ, बाकीचं मग सांग.' मी उन्हात बसून पंक्चर काढली. बाकीचं त्यानं कधीच विचारलं नाही.

तेव्हापासून एक नियम मी पाळतो. चांगली बातमी लपवायची नाही. बढती, फ्लॅट, मुलगी झाली, सगळं सांगतो आणि लगेच सांगतो. तो कधी गप्प होतो, एकदा तर आठवडाभर फोन उचलला नाही. उचलू नये, त्याचा अधिकार आहे. पण त्याला सगळ्यात शेवटी, दुसऱ्याकडून कळलं असतं तर तो घाव जास्त खोल गेला असता. लपवणं म्हणजे त्याला सांगणं की तू आता आमच्यातला नाहीस.

माझ्या लग्नाची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे, आणि तेव्हा मी चार वर्षांचा अनुभवी थेरपिस्ट होतो. २००१. मंगल कार्यालयात जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर. 'चौघं उचलून नेऊ' असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि नेलंही, फोटोही आहेत. नऊ वर्षांनी एकदा बोलता बोलता त्याच्या बहिणीनं सांगितलं की त्या दिवशी तो पहाटेपासून पाणी प्यायला नव्हता. पिशवी भरली तर लग्नघरात कुणाला सांगणार म्हणून. एप्रिल महिना, आणि मानेची इजा असलेल्या माणसाला इजेच्या खाली घाम येत नाही, अंग नुसतं तापत जातं. तो तसाच रात्री आठपर्यंत बसला, हसत. म्हणून आता कुणाच्याही कार्यक्रमाला बोलावताना मी त्याला दोनच गोष्टी आधी सांगतो: पायऱ्या किती आहेत आणि पिशवी कुठं रिकामी करायची. बाकी निमंत्रणाचा मजकूर त्याच्या दृष्टीनं दुय्यम.

पायऱ्यांचं निघालंच आहे तर, खुर्ची पायऱ्यांवरून चढवताना तोंड खालच्या बाजूला, मोठी चाकं आधी वर, ताकदीचा माणूस मागे. हाताचा टेकू आणि पायपट्टी धरायची नाही, बहुतेक खुर्च्यांत ती निघून येते आणि हातात राहते. तीव्र उतारावरून खाली आणतानाही उलटं, तुम्ही खालच्या बाजूला. तुमच्या घरी त्याला आणायचं असेल तर रॅम्पचा हिशेब साधा आहे, उंचीच्या बारापट लांबी. दोन पायऱ्या मिळून तीस सेंटिमीटर असतील तर ३.६ मीटर. पुण्याच्या सोसायटीत ही चर्चा काढून बघा, 'सौंदर्य बिघडेल' असं म्हणणारा एकजण निघतोच. अपंग म्हणावं की दिव्यांग, यावर मात्र तोच माणूस तासभर बोलेल. माझा दोस्त म्हणतो, 'नाव काहीही ठेवा, रॅम्प बांधा.'

इतका वेळ मी तुम्ही काय द्यायचं ते सांगतोय. दोस्ती टिकायला याहून महत्त्वाचं आहे ते तुम्ही त्याच्याकडून काय घ्यायचं, आणि इथंच बहुतेक जण कमी पडतात. सतत घेणाऱ्या माणसाला मित्र उरत नाहीत, उपकारकर्ते उरतात. माझा इन्कम टॅक्सचा रिटर्न गेली पंधरा वर्षं तोच भरतो. मधल्या बोटात अडकवलेल्या काडीनं कळा दाबत. तो गावातल्या दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, माझी मुलगी नववीत नापास व्हायची वेळ आली तेव्हा ती सुट्टीभर त्याच्या घरी राहिली. माझ्या सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटणीत कुणाला किती, हे त्यानं कागदावर मांडून दिलं म्हणून भांडण मिटलं. हे मी त्याला 'काम देऊन बरं वाटावं' म्हणून केलं नव्हतं. मला खरोखर येत नव्हतं. खोटं काम दिलं तर त्याला पाच मिनिटांत कळतं. तुमच्या मित्राला तुमच्यापेक्षा काय चांगलं येतं ते आठवा. शाळेत तुम्ही त्याच्याकडे कशासाठी जायचात? ते मानेखाली नव्हतं बहुधा.

आणि भांडा. तो चुकीचं बोलला तर 'जाऊ दे, बिचारा' म्हणून गिळू नका. त्याच्या आईवर तो खेकसत असेल, तर दोघं बाहेर गेल्यावर ते त्याला तोंडावर सुनवा. हे त्याला दुसरं कोणी सांगणार नाही.

काकूंबद्दल. 'तूच आता त्याचा भाऊ' हे वाक्य त्या थकून बोलतात, तुम्हाला अडकवायला नाही. पण ते जसंच्या तसं स्वीकारू नका. भावाला न येण्याची सोय नसते, म्हणून तो येतो तेव्हाही चिडलेला असू शकतो. तुम्ही मित्रच राहा आणि एक लहान, ठरलेली गोष्ट कबूल करा: महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते दोन. पाऊस असो, सामना असो. आठवड्याला येईन असं भावनेच्या भरात म्हणून सहा महिन्यांत सुटण्यापेक्षा हे बरं. त्या चार तासांत काकूंना झोपू द्या, देवळात जाऊ द्या, माहेरी जाऊ द्या. त्यांची कंबर गेली तर सगळं घर बसेल. गावातल्या एखाद्या तरुणाला पगार देऊन रोज सकाळी दोन तासांसाठी शिकवून घेता आलं, आणि तो खर्च मित्रमंडळींनी मिळून दरमहा उचलला, तर तो दवाखान्याच्या एकरकमी वर्गणीपेक्षा जास्त कामाला येईल. रक्कम त्याच्या खात्यात जाऊ द्या आणि पगार त्याच्या हातून. माणूस ठेवणारा मालक तो, तुम्ही नव्हे.

खात्यावरून आठवलं. बाहेर पडलात की लोक तुमच्याशी बोलतील, त्याच्याशी नाही. 'यांना चहा चालतो का?' तुम्ही उत्तर देऊ नका, त्याच्याकडे बघा. तालुक्याच्या एका बँकेत माझ्या दोस्ताला सांगितलं होतं की खातं वडिलांच्या नावानं उघडा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, त्यात अशा व्यक्तीला मालमत्ता ठेवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे असं स्वच्छ लिहिलंय. तो बोलला, मी मागे खुर्ची धरून उभा राहिलो. खातं उघडलं. रेल्वेचं सवलतीचं कार्डही काढून घ्या. एकट्यानं प्रवास करू न शकणाऱ्याला तिकिटात सवलत असते आणि सोबत जाणाऱ्या एकालाही तीच मिळते. आमच्या तिकिटावर मी 'एस्कॉर्ट' असतो. तो सगळ्या डब्याला सांगतो, 'हा माझा एस्कॉर्ट, सवलतीत मिळालाय.'

एक गोष्ट तुम्ही त्याला देऊ शकणार नाही, ती म्हणजे त्याच खुर्चीत बसलेला दुसरा माणूस. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. ऐन तारुण्यात पाय गेल्यावर त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते. खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर जवानांसाठी आहे, पण तिथले लोक खुर्चीवरून बास्केटबॉल खेळताना बघायला मिळालं तर त्याला जरूर न्या. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले, हे त्याला पाहुण्यांनी शंभरदा ऐकवलं असेल, तुम्ही ऐकवू नका. पदकापेक्षा त्याला हवा आहे सी-६ चा एखादा साधा माणूस, जो सांगेल की शर्टाचं बटण तो कसा लावतो, बायको कशी भेटली, संडासाचं वेळापत्रक कसं बसवलं. अशी ओळख करून देणं हे मित्राचं काम आहे. मग त्या दोघांना बोलू द्या आणि तुम्ही बाहेर फिरून या.

आणि एक अवघड गोष्ट. दोघंच असाल तेव्हा कधीतरी तो म्हणेल, 'मेलो असतो तर बरं झालं असतं.' विषय बदलू नका, 'असं बोलू नये' म्हणू नका. सरळ विचारा, मरायचे विचार रोज येतात का, काही ठरवलंय का. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, त्याच दिवशी डॉक्टर. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. नुसता वैताग असेल तर तो ऐकून घ्या, तेवढं पुरतं.

आयुष्यभर जमेल का, असं विचारलंत. नीट काळजी घेतली तर अशी माणसं अनेक दशकं जगतात, म्हणजे मुदत मोठी आहे. तोवर तुमचंही शरीर बदलेल. २०१६ मध्ये माझ्या कंबरेची चकती सरकली, तेव्हापासून मी त्याला उचलत नाही. आता सरकपाट, म्हणजे खुर्ची आणि सीटवर टेकवायची गुळगुळीत फळी, वापरतो, आणि त्याचा पुतण्या हात लावतो. मला वाटलं होतं उचलणं बंद झालं की मधलं काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही, फक्त तो मला 'रिटायर्ड हमाल' म्हणायला लागला.

तर येत्या दुसऱ्या रविवारी एवढंच करा. आदल्या आठवड्यात थेरपिस्टकडून गाडीत बसवणं, पिशवी आणि ते बीपीचं शिकून घ्या. सोबत खुर्चीची गादी, दोन लिटर पाणी, रिकामी बाटली, ओला टॉवेल, टोपी. त्याला पोटाचा तोल नसतो, म्हणून पट्टा नीट लावा आणि वळणावर एक हात त्याच्या छातीपुढे. घाटाकडे जाऊ नका, हमरस्त्यावरचा पायऱ्या नसलेला एखादा ढाबा आधी जाऊन बघून ठेवा. अर्ध्या तासाच्या अंतरावरचा पुरे. चहा आला की ग्लास त्याच्या तोंडाला लावू नका, अर्धा भरलेला मागवा आणि टेबलावर ठेवा, धरायचा कसा ते त्याला ठाऊक आहे. थोडा सांडेल. बिल त्यालाच देऊ द्या. आणि परत आल्यावर नळीचं काय झालं, काही अडलं का, ते मला कळवा. सरकपाट कुठल्या लाकडाचा आणि किती लांबीचा करून घ्यायचा ते त्याची उंची-वजन कळलं की सांगतो.